बिडी नाही, सिगारेट नाही, तरी सीओपीडी: एका ऊसतोड मावशींचं प्रकरण

पार्श्वभूमी

मावशी पंचावन्नच्या आसपासच्या, बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या. गाव आणि तालुका मुद्दाम सांगत नाही, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत. लग्न झाल्यापासून दरवर्षी ऊसतोडीला, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी नगरच्या कारखान्यांवर, मधे एखाददुसरं वर्ष कर्नाटकातही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती पाडव्याच्या आगंमागं परत. घरी दोन एकर कोरडवाहू, त्यात कापूस नाहीतर तूर. नवरा, मुलगा, सून, दोन नातवंडं.

आता या बाईंच्या छातीत आयुष्यभर धूर किती गेला ते बघायचं तर दोन ठिकाणं बघावी लागतात. एक गावातलं घर, पत्र्याचं, एका खोलीतच झोपणं आणि एका कोपऱ्यात चूल, जळण म्हणजे पऱ्हाट्या-तुराट्या, पावसाळ्यात गोवऱ्या, आणि सरपण ओलं निघालं की फुंकणी घेऊन तोंड जवळजवळ चुलीतच. दुसरं ठिकाण कोपी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, बांबूच्या कामट्या, पाचट आणि वरून प्लास्टिकचा कागद, वाकूनच आत शिरायचं, थंडीचे दिवस असल्यामुळे चूल बऱ्याचदा आतच. फडात पहाटे पोचायचं म्हणून तीन-साडेतीनला उठून भाकऱ्या थापायच्या. वर्षातले पाच-सहा महिने हे असं, उरलेले गावातल्या खोलीत.

बिडी-सिगारेट आयुष्यात नाही. मिश्री होती, तीही तव्यावर घरीच भाजून, पण ती दाताला लावायची, ओढायची नाही. त्यामुळे कुठल्याही केसपेपरवर "धूम्रपान: नाही" असं लिहून पुढचा रकाना सुरू व्हायचा आणि धुराचा विषय तिथंच संपायचा. या सगळ्या प्रकरणातली पहिली गाठ इथंच आहे असं माझं मत.

आकड्यांत हा आजार कुठे बसतो

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं आणि काही जणांत फुफ्फुसातले बारीक फुगे नष्ट होणं, झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसं याने गेली, मृत्यूच्या कारणांमध्ये चौथा नंबर. सत्तरीच्या आत याने जे मरतात त्यातले जवळपास ९० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले.

आपल्याकडचं चित्र २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलं होतं, राज्यवार. भारतात १९९० मध्ये अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाख. लोकसंख्या वाढली, माणसं जास्त जगायला लागली हे खरंच, पण प्रमाणही ३.३ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर गेलं. जगाची १८ टक्के लोकसंख्या आपली आणि श्वसनाच्या जुनाट आजारांचा ३२ टक्के बोजा आपल्याकडे. सीओपीडीच्या बोज्यापैकी ५३.७ टक्के हवेच्या प्रदूषणाच्या खात्यात (यात घरातला चुलीचा धूरही आला), तंबाखूच्या खात्यात २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराच्या खात्यात १६.५ टक्के. म्हणजे "सीओपीडी हा सिगारेटवाल्यांचा आजार" हे वाक्य इथं निम्म्याहून जास्त चुकीचं ठरतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच लिहून ठेवलं होतं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं.

पण मला स्वतःला त्या २०१८ च्या पेपरातला दुसराच आकडा जास्त टोचतो. भारतात सीओपीडीच्या एकेका रुग्णामागे जितकी निरोगी वर्षं वाया जातात ती जगाच्या सरासरीच्या १.७ पट आहेत. म्हणजे रुग्ण जास्त आहेत हा एक भाग, आणि प्रत्येक रुग्ण जास्त भोगतो हा वेगळाच भाग. हा १.७ येतो कुठून ते मावशींच्या चार वर्षांत बऱ्यापैकी दिसतं, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

अडचण: चार वर्षं आणि पाच निदानं

आमच्याकडे, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या छातीविकाराच्या ओपीडीत, मावशी आल्या ते पोळ्याच्या आधी. पण त्रास त्याच्या चार वर्षं आधीपासूनचा. सुरुवातीला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढताना दम लागायचा, मग साध्या मोळी बांधण्यात, मग पाण्याचा हंडा. फळीवरची मोळी गेली की कोयत्याची (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची) कमाई लगेच खाली येते कारण नवरा तोडणारा आणि बायको मोळ्या वाहणारी असाच हिशेब बसलेला असतो, तेव्हा आजार सगळ्यात आधी मुकादमाच्या वहीत दिसायला लागला, डॉक्टरांच्या कागदावर नंतर. एकेका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जायचे.

पहिलं निदान "अशक्तपणा". हिमोग्लोबिन ८.४ निघालं होतं, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, सलाईन लागलं, दोन दिवस बरं वाटलं. दुसरं टीबी. खोकला, वजन घटलेलं, त्यामुळे शंका येणं बरोबरच होतं, थुंकी दोनदा निगेटिव्ह आली, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह, तरी एका खाजगी दवाखान्यात एक्सरेवर डाग दिसतोय म्हणून सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, दिली गेली. फरक शून्य. तिसरं हृदय, ईसीजी आणि टूडी इको झाला, नॉर्मल आला, त्यासाठी बीडला जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा खर्च वेगळा. चौथं "वयोमानाने असतंच". पाचवं दमा, आणि त्यावर दर वेळी दम लागला की एक इंजेक्शन, चार गोळ्या. त्या गोळ्यांत स्टेरॉइड असायचं बहुतेक, कारण दोन दिवस एकदम बरं वाटायचं आणि मग परत तेच, तर साहजिकच मावशींचा विश्वास त्या इंजेक्शनवर बसलेला.

यात एकेका डॉक्टरला दोष देणं सोपं आहे पण खरं सांगायचं तर प्रत्येक निदानामागे कारण होतं. टीबीचा जिल्हा, रक्त कमी, बाई धूम्रपान करत नाही. जे कुठंच झालं नाही ते म्हणजे फुंकून बघण्याची टेस्ट. स्पायरोमेट्री. रक्ताच्या दहा टेस्ट कुठंही होतात, पण श्वास मोजायचं मशीन आणि ते नीट करून घेणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही.

फुंकून बघितल्यावर

स्पायरोमेट्री करून घेणं हे एक काम आहे, हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी केलंय त्यांना माहिती असेल. "जोरात, अजून, अजून, सोडत राहा, सोडत राहा" असं ओरडावं लागतं आणि मावशींना तर पहिल्या दोन वेळा खोकल्याची उबळच आली. मग थोडं थांबून, पाणी पाजून परत. श्वासनळ्या उघडणाऱ्या सॅल्ब्युटामॉलचे पफ देऊन पंधरा मिनिटांनी केलेल्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात सुटणारी हवा ०.८२ लिटर, एकूण १.५८ लिटर, गुणोत्तर ०.५२. सीओपीडी म्हणायला हे गुणोत्तर औषध दिल्यानंतरही ०.७० च्या खाली असावं लागतं. अपेक्षित क्षमतेच्या मानाने ४४ टक्के, म्हणजे गंभीर गट. औषध दिल्याने फरक पडला फक्त ६० मिलीलिटरचा, त्यामुळे नुसता दमा असण्याची शक्यता मागे पडली.

बसलेल्या अवस्थेत ऑक्सिजन ९२, सहा मिनिटं चालवल्यावर ८७. चालून झालं २४० मीटर. आठ प्रश्नांचा कॅट स्कोअर (त्रास मोजणारा, जितका जास्त तितका त्रास जास्त) ४० पैकी २७. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (या जास्त असल्या की इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा उपयोग जास्त होतो) १८०, म्हणजे फार जास्त नाहीत.

मावशींना रिपोर्ट समजावताना सीओपीडी हा शब्द सांगितला, त्यांना तो दमाच वाटला, मी पण फार ताणलं नाही. फुफ्फुसाची निम्म्याहून जास्त ताकद गेलीय आणि ती परत येणार नाही, पण उरलेली सांभाळता येते, एवढं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "मंग फडावर जाता येईल का न्हाई यंदा?" उचल, म्हणजे मुकादमाकडून सीझनचे आगाऊ पैसे, घेऊन झाली होती.

पर्याय काय काय होते

औषधाचा प्रश्न तुलनेनं सोपा होता. गोळ्या चालू ठेवणं हा एक पर्याय, स्वस्त आणि घरच्यांच्या ओळखीचा, पण थिओफायलिन-स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे हाडं, साखर, डोळे सगळ्याचं नुकसान. दुसरा, इनहेलर. इथं घरच्यांचा विरोध, "एकदा पंप लागला की सुटत नाही", हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक छातीच्या डॉक्टरने हजारदा ऐकलंय. तिसरा, मुलाने कुठंतरी पाहिलेलं घरगुती नेब्युलायझर. पण कोपीवर वीज कुठली.

इनहेलरमध्येही निवड होती. आपल्याकडे सरसकट स्टेरॉइडवालं कॉम्बिनेशन लिहायची सवय आहे, पण इओसिनोफिल १८०, आधी टीबीची शंका, खऱ्या दम्याचा इतिहास नाही, म्हटल्यावर स्टेरॉइड सुरुवातीला बाजूला ठेवलं कारण सीओपीडीत त्याने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतो. दिवसातून एकदा घ्यायचं श्वासनळ्या उघडणारं लांब पल्ल्याचं टायोट्रोपियम आणि जोडीला लागेल तेव्हा सॅल्ब्युटामॉल, असं ठरलं. कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र की स्पेसर लावून पंप? कॅप्सूलचं स्वस्त पडत होतं पण ते जोरात ओढावं लागतं आणि मावशींच्या छातीत तेवढा जोर नव्हता. म्हणून पंप आणि स्पेसर. स्पेसर म्हणजे तो प्लास्टिकचा फुगीर डबा, दिसायला लहान मुलांचं खेळणं वाटतं म्हणून लोक वापरत नाहीत, पण औषध छातीत जातंय की घशात हे त्यावरच ठरतं.

ऑक्सिजनचं मशीन हा मुलाचा आग्रह होता. कोविडनंतर गावोगाव ऑक्सिमीटर आलेत आणि कॉन्सन्ट्रेटरही दान-भेट म्हणून फिरत असतात, तर त्याने एक बघूनही ठेवलेलं. नाही म्हटलं. घरी रोज १५ तासांच्या वर ऑक्सिजन देऊन आयुष्य वाढतं हे १९८० आणि ८१ च्या दोन जुन्या अभ्यासांनी दाखवलंय खरं, पण ते विश्रांतीत ऑक्सिजन खूपच खाली, ढोबळ मानाने ८८ किंवा त्याहून कमी असलेल्यांसाठी. थोडासाच कमी असलेल्यांना किंवा फक्त चालताना घसरणाऱ्यांना फायदा होत नाही हे २०१६ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. मुलगा नाराज झाला, त्याला वाटलं गरीब म्हणून नाही म्हणतायत.

खरा पेच: फड की गाव

खरी गाठ पुढची. उचल लाखभर, मावशी आणि त्यांच्या नवऱ्याच्या कोयत्याची. मावशी गेल्या नाहीत तर नवरा हाफ कोयता म्हणून जाणार, उचल निम्मी परत करावी लागणार किंवा पुढच्या वर्षावर चढणार. घरात यावर दोन-तीन दिवस बोलणं झालं असावं, कारण पुढच्या वेळी सगळे एकदमच आले, मुलगा, सून, नवरा, आणि एक ठरवून आणलेला तोडगा घेऊन.

तोडगा असा की मावशींनी यंदा ऊसाला हात लावायचा नाही, मोळी उचलायची नाही, फक्त कोपीवर राहायचं, पोरांना सांभाळायचं आणि सगळ्यांच्या भाकऱ्या करायच्या. सून त्यांच्याऐवजी दोन्हीकडे राबणार. सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं की बघा आम्ही किती विचार केलाय, आणि खरंच केलाच होता. फक्त यात एकच अडचण की मावशींच्या फुफ्फुसांना ऊस तोडण्याने नाही, धुरानेच मारलं होतं, आणि उघड्या फडातून काढून त्यांना दिवसभर पाचटाच्या खोपटात चुलीपुढं बसवायचं म्हणजे आराम देतोय असं समजून सगळ्यात वाईट जागी नेऊन ठेवणं.

हे समजावायला वेळ लागला. नवऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही असं मला वाटतं, त्यांचं म्हणणं "धुरानं काय हुतंय, आमच्या आयानं जल्मभर चूलच केली." सुनेला मात्र लगेच कळलं. ती म्हणाली, "आत्याचा खोकला पहाटंच जास्त असतो, चूल पेटवली की." हे तिने कधीपासून बघितलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

तीन रस्ते समोर होते. सगळे जाऊन मावशी कोपीवर. मावशी आणि नवरा दोघंही गावात, म्हणजे उचल पूर्ण अंगावर. किंवा मावशी नातवंडांना घेऊन गावात, नवरा हाफ कोयता. तिसरा निवडला. पैशाने मधला, आणि जोडीला एक फायदा असा की पोरांची शाळा बुडणार नव्हती, मला वाटतं शेवटी सुनेचं वजन याच बाजूला पडलं ते त्यामुळे. डॉक्टर म्हणून मी कागदावर फक्त "धूर टाळावा" लिहिलं असतं तर यातलं काही झालं नसतं, कारण धूर टाळणं म्हणजे कुणीतरी पन्नास हजार रुपये सोडणं, हे त्या कागदावर कधीच लिहिलेलं नसतं.

काय केलं

औषध सुरू. पंप कसा घ्यायचा ते दर भेटीत करून दाखवायला लावलं आणि दुसऱ्या भेटीतच कळलं की मावशी पंप चुकीच्या पद्धतीने घेत होत्या. दुरुस्त केलं. लोहाच्या गोळ्या नीट तीन महिने. फ्लूची लस. न्यूमोकोकलची लस खर्चामुळे राहिली.

श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम. ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायचा हे कुणालाही शिकवायला वेळ लागतो, मावशींना म्हटलं फुंकणीत फुंकर घालता ना तशी, पण अर्ध्या जोरात आणि दुप्पट वेळ. एका मिनिटात जमलं. ज्या फुंकणीने छाती घालवली तिचीच सवय कामाला आली, काय म्हणावं. रोज सकाळी-संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालणं, दम लागला की थांबायचं, मोजून परत.

आणि चूल. घरी उज्ज्वलाचा सिलिंडर होता. योजना मे २०१६ मध्ये आली, यांच्याकडे पुढच्या वर्षा-दोन वर्षांत शेगडी आली, पण ती पाहुणे आले की चहाला. सिलिंडर भरायला लागणारे पैसे एकदम हातात नसतात, सरपण फुकट आहे, आणि भाकरी चुलीवरचीच लागते, ही तिन्ही कारणं खरी आहेत, एकालाही हसण्यात अर्थ नाही. त्यामुळे "चूल बंद" असा हट्ट केला नाही. ठरलं ते असं: कालवण, भात, दूध-चहा गॅसवर. भाकरीची चूल आतून काढून बाहेर पडवीत, वारा वाहता असेल अशा बाजूला, सरपण वाळलेलंच. आंघोळीच्या पाण्याचा बंब होता, तोही लाकडावर, आणि त्याचा धूर कुणी धरतच नाही कारण तो "स्वयंपाक" नाही ना, तोही दारापासून लांब नेला.

अर्धवट उपाय आहे हे मान्य. पण अर्धवट उपायांनीही फरक पडतो याला आधार आहे, दक्षिण चीनमधल्या खेड्यांत नऊ वर्षं लोकांच्या मागे लागून केलेल्या अभ्यासात बायोगॅस आणि स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढायची सोय वापरणाऱ्यांची फुफ्फुसं हळू घसरली आणि सीओपीडीही कमी झाला.

डिसेंबरातला झटका

सगळं सरळ गेलं नाही. डिसेंबरात थंडी वाढली, नातवाला सर्दी झाली, मग आजीला. तीन दिवसांत कफ हिरवा, दम इतका की बोलताना वाक्य तुटायचं. शेजाऱ्यांनी गाडी करून जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं ऑक्सिजन ८४ दिसल्यावर साहजिकच फुल्ल सोडला. मोजणी ९९ झाली, सगळे खूश, आणि दोनेक तासांत मावशी गुंगायला लागल्या.

हे सीओपीडीत होतं. फुफ्फुस खूप खराब असलेल्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून ऑक्सिजन ८८ ते ९२ च्या मधे ठेवायचा असतो, त्यापेक्षा वर नाही. टास्मानियात २०१० साली अॅम्ब्युलन्समध्येच याची परीक्षा झाली होती आणि मोजून ऑक्सिजन दिलेल्यांतले मृत्यू निम्म्याहून कमी निघाले. मावशींच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने "ऑक्सिजन ८८-९२" लिहिलेलं होतं. फाईल पिशवीत होती, पिशवी गाडीत राहिली होती. फोन आला, तिकडच्या डॉक्टरांनी लगेच कमी केला, पुढच्या काही तासांत जाग आली. सॅल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन, अँटिबायोटिक आणि प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस. पाचच दिवस, पूर्वी दोन-दोन आठवडे द्यायचे, पण २०१३ च्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासानंतर तेवढं पुरतं हे स्पष्ट झालंय. आठवड्याने घरी.

त्यानंतर एक बदल केला. लाल पेनाची सूचना एका छोट्या कार्डावर लिहून, लॅमिनेट करून, स्पेसरच्याच पिशवीत. पंप विसरत नाहीत म्हणजे कार्डही विसरणार नाहीत असा हिशेब.

निकाल

पाडव्याला टोळी परत आली तेव्हाच्या तपासणीत सहा मिनिटांचं चालणं २९० मीटर, म्हणजे ५० मीटरची वाढ. ३० च्या वर वाढ झाली तर माणसाला ती जाणवते असं धरतात. कॅट स्कोअर २७ वरून १९. हिमोग्लोबिन ११. वजन दोन किलो वर. पहाटेचा खोकला कमी, "झोप लागती आता".

स्पायरोमेट्री जशीच्या तशी. ०.८२ चं ०.८०. हे मुद्दाम लिहितोय कारण बरेच नातेवाईक रिपोर्ट परत केला की विचारतात "मग औषधाचा उपयोग काय झाला", तर उपयोग चालण्यात, झोपेत, झटक्यांत मोजायचा, त्या एका आकड्यात नाही. झटके वर्षात एकच, आधीच्या वर्षी इंजेक्शनं किती वेळा घेतली ते कुणालाच आठवत नव्हतं इतक्या वेळा.

पैशाच्या बाजूने निकाल वाईट. उचलीतला फरक अंगावर राहिला, नवऱ्याने वर्षअखेर थोडा फेडला, बाकी पुढच्या सीझनवर. टायोट्रोपियम सरकारी दवाखान्यात दर वेळी मिळालं नाही, मधे तीन आठवडे खंड पडला, आणि डिसेंबरचा झटका त्या खंडानंतरच आला. कारण तेच होतं असं छातीठोक सांगता येणार नाही, नातवाची सर्दीही होती.

वेगळं काय करता आलं असतं

चार वर्षांतली किमान तीन वर्षं वाचली असती. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांची जोखीम बघणारा) भरतात. त्यात स्वयंपाकाला काय जाळता हा प्रश्न आहे, लाकूड, पिकांचा काडीकचरा, शेणी, रॉकेल, गॅस, सगळे पर्याय छापलेले. मावशींचाही फॉर्म भरला होता, लाकडावर खूण होती, दम लागतो यावरही खूण होती. पण जोखमीचा जो स्कोअर काढतात त्यात जळण धरलं जात नाही, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबर वगैरे. बीपी-शुगर तपासून झाली, नॉर्मल आली, फॉर्म फाईलला. माहिती गोळा करायची पद्धत आहे, ती पुढं न्यायची वाट नाही. प्रत्येक उपकेंद्रात स्पायरोमीटर शक्य नाही हे कळतं, पण पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोरात सुटते ते मोजणारी नळी) स्वस्त असतं, आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (पूर्वीच्या आरोग्यवर्धिनीतल्या) सीएचओना, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना, वापरता येतं. त्याने सीओपीडीचं निदान होत नाही, मात्र कुणाला पुढं पाठवायचं ते ठरवता येतं.

निगेटिव्ह सीबीनॅटनंतर एकेटी सुरू करण्याआधी फुंकून बघायला हवं होतं. जुन्या टीबीनेही श्वासनळ्या अरुंद होतात, त्यामुळे टीबी असो वा नसो, टेस्टचा उपयोग होताच.

कोपीचं काय, हा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या प्रकारावरून बीडचं नाव देशभर गेलं, चौकशी समिती बसली, ते व्हायलाच पाहिजे होतं. याच बायकांच्या फुफ्फुसांबद्दल मात्र कुणी बोलत नाही कारण ती हळूहळू जातात. उज्ज्वलाच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याचा पुरावा नसला तरी स्वतःच्या घोषणेवर कनेक्शन मिळतं, पाच किलोचा छोटा सिलिंडरही असतो, तो बैलगाडीत-ट्रॅक्टरमध्ये नेता येतो. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा सवाल होता की पाचटाच्या कोपीत गॅस पेटवायचा म्हणजे आग लागली तर? रास्त सवाल आहे. कारखान्यांनी कोप्यांऐवजी पत्र्याच्या का होईना खोल्या आणि बाहेर सामाईक ओटा दिला तर दोन्ही प्रश्न एकदम निघतात, पण ते डॉक्टरांच्या हातातलं नाही.

आणि सून. मावशी चुलीवरून उठल्या म्हणजे चूल बंद झाली नाही, तिथं सून बसली, फडावर तर नक्कीच. हे ठरवतानाच लक्षात घ्यायला हवं होतं असं आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बोलून दाखवलं आणि त्यांचं बरोबर आहे, घरातल्या एका बाईचा धूर कमी करताना तो दुसरीकडे सरकवला गेला. पाडव्याच्या भेटीत तिचीही स्पायरोमेट्री करून घेतली. अठ्ठावीस वर्षांची, गुणोत्तर ०.८१, नॉर्मल. दरवर्षी टोळी परतली की करायची असं तिच्या कागदावर लिहून दिलंय. यंदाची उचल घेताना तिने मुकादमाकडे कोपीबाहेर चुलीसाठी वेगळं छप्पर मागितलं, मुकादम म्हणाला बघू.